साचा एक, पत्ते अनेक : प्रस्तावना

टेम्प्लेटवरून व्हर्च्युअल मशीन काढायला आता दोन-चार मिनिटं पुरतात. नाव टाकलं, कोणत्या होस्टवर ठेवायचं ते निवडलं, बटण दाबलं, की नवं मशीन उभं. ऑपरेटिंग सिस्टीम बसलेली, पॅच लागलेले, अँटिव्हायरस घातलेला, बॅकअपचा एजंट चालू. एवढं सगळं आयतं मिळाल्यावर उरतं ते फक्त नेटवर्क, आणि गाडं नेमकं तिथेच अडतं. मशीन चालू असतं पण नेटवर्कवर दिसत नाही. दिसतं तर दुसऱ्याच्याच पत्त्यावर दिसतं. किंवा सकाळी नीट चाललेलं दुपारपासून अधूनमधून गायब होऊ लागतं. हे पुस्तक या शेवटच्या टप्प्याबद्दल आहे. टेम्प्लेटमधून निघालेल्या प्रत्येक मशीनला त्याचं नाव, पत्ता, रस्ता आणि ओळख कशी द्यायची, आणि त्याआधी टेम्प्लेटमध्ये राहून गेलेली जुनी ओळख कशी पुसायची, एवढाच त्याचा विषय.

या दोन कामांपैकी पुसण्याचं काम मला अधिक महत्त्वाचं वाटतं आणि पुस्तकातली जास्त पानंही त्यालाच दिली आहेत. नेटवर्क सेटिंग म्हटलं की आयपी, मास्क, गेटवे आणि डीएनएस अशा चार चौकटी डोळ्यांसमोर येतात. त्या भरल्या की काम झालं, असा सर्रास समज असतो. पण टेम्प्लेट हे मुळात एक चालतं मशीन होतं. कुणीतरी ते बसवलं, बूट केलं, नेटवर्कला जोडलं, त्यावर अपडेट उतरवले. या खटपटीत त्या मशीनने स्वतःबद्दलच्या कितीतरी गोष्टी डिस्कवर नोंदवून ठेवलेल्या असतात, आणि क्लोन म्हणजे त्या डिस्कची तंतोतंत नक्कल. मित्राचं जर्नल उतरवताना पहिल्या पानावरचा त्याचा रोल नंबरही उतरवावा, तसं हे होतं: आतला मजकूर बिनचूक, पण तपासणाऱ्याच्या लेखी दोन्ही जर्नलं एकाच मुलाची.

ऐरोली-महाप्याच्या डेटा सेंटरमध्ये रात्रपाळी करणारी मुलं-मुली, हिंजवडीतल्या सपोर्ट टीम, जिल्ह्याच्या ठिकाणच्या सहकारी बँकेत एकहाती सर्व्हर रूम सांभाळणारा माणूस, अभियांत्रिकी महाविद्यालयात साठ विद्यार्थ्यांसाठी साठ मशीन लावून देणारे लॅब असिस्टंट, हे या पुस्तकाचे वाचक. ही मंडळी दिवसभर या विषयावर मराठीतच बोलतात. ‘पिंग मारून बघ’, ‘गेटवे लागतोय का’, ‘त्याचा आयपी कुणीतरी उचललाय’ हे त्यांचं रोजचं बोलणं. वाचायची वेळ आली की मात्र इंग्रजी मॅन्युअलखेरीज हाताशी काही नसतं. त्या मॅन्युअलमध्ये कोणती चौकट कुठे आहे ते सापडतं. ती का भरायची आणि चुकली तर काय दिसेल, हे क्वचितच सापडतं. तो ‘का’ आपल्या भाषेत सांगता यावा, ही माझी इच्छा आहे.

थोडा इतिहास सांगायला हवा, कारण आजच्या अडचणीचं मूळ त्यात आहे. एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक संगणक चालवण्याची कल्पना आयबीएमने १९६०च्या दशकात राबवली आणि १९७२मध्ये व्हीएम/३७० या नावाने बाजारात आणली. साध्या इंटेल सर्व्हरवर ती रुजवली १९९८मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने. त्यांचं ईएसएक्स २००१मध्ये आलं. २००६मध्ये ॲमेझॉनने ईसी२ सुरू केलं आणि २००७मध्ये केव्हीएम लिनक्सच्या कर्नलमध्ये दाखल झालं. या प्रवासात एक गोष्ट हळूच बदलली. पूर्वी सर्व्हर खोक्यातून यायचा. कुणीतरी त्याच्यासमोर बसून सीडी घालायचं आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर म्हणून पत्ता टाइप करायचं. पत्ता कुठून आला, तो मोकळा आहे का, हे त्या माणसाला ठाऊक असायचं. टेम्प्लेट आल्यावर तो माणूस मधून गेला. प्रश्न विचारणारा इन्स्टॉलर राहिला नाही आणि उत्तर देणाराही राहिला नाही. मशीन जन्माला येतं ते थेट लॉगिनच्या पडद्यासह. मग पत्ता द्यायचा कुणी, केव्हा आणि कशाच्या आधारावर? पुढची सगळी साधनं याच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत.

मूळ संकल्पनांचा परिचय पहिल्या प्रकरणात आहे, म्हणून इथे त्यांना धावता स्पर्श करतो. नेटवर्क कार्डाला एक ४८ बिटांचा मॅक पत्ता असतो. व्हर्च्युअल मशीनच्या बाबतीत तो हायपरव्हायजर बनवून देतो. त्याच्या पहिल्या तीन जोड्या पाहिल्या तर मशीन कुणाच्या घरचं ते बहुधा ओळखता येतं. ००:५०:५६ असेल तर व्हीएमवेअर, ५२:५४:०० असेल तर केव्हीएम, ०८:००:२७ असेल तर व्हर्च्युअलबॉक्स. क्लोन काढताना मॅक पत्ता सहसा आपोआप नवा मिळतो. त्याच्यावर बसतो आयपी पत्ता, जो मात्र आपण द्यायचा असतो किंवा डीएचसीपी सर्व्हरकडून मागायचा असतो. कारखान्यात, बँकेत, कॉलेजात आतल्या वापरासाठी जे १०., १७२.१६ ते १७२.३१ किंवा १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते दिसतात, ते १९९६च्या आरएफसी १९१८ने खासगी वापरासाठी राखून ठेवलेले.

सबनेट मास्कवर मात्र मी थोडा थांबणार आहे, कारण मास्कची चूक सगळ्यात फसवी असते. समजा टेम्प्लेटमध्ये मास्क २५५.२५५.०.० राहून गेला आणि तुमच्या नेटवर्कचा खरा मास्क आहे २५५.२५५.२५५.०. नव्या मशीनला पत्ता दिला १९२.१६८.१०.२५. गेटवे बरोबर, डीएनएस बरोबर. इंटरनेट चालतं, अपडेट उतरतात, शेजारच्या मशीनला पिंग जातो. पण अकाउंट्स विभागाचा सर्व्हर १९२.१६८.२०.५ वर आहे, तो काही केल्या लागत नाही. मशीनच्या हिशेबी तो पत्ता आपल्याच वायरवर आहे, म्हणून ते गेटवेकडे न जाता थेट हाक मारतं आणि त्या हाकेला उत्तर द्यायला तिथे कुणीच नसतं. इंटरनेट चालतंय म्हटल्यावर नेटवर्कवर संशय जात नाही. मग फायरवॉल तपासली जाते, अकाउंट्सच्या सर्व्हरला विनाकारण रिस्टार्ट मारला जातो, व्हेंडरकडे तिकीट टाकलं जातं. चूक असते एका आकड्याची, आणि ती टेम्प्लेटमधून निघालेल्या प्रत्येक मशीनमध्ये असते.

एमटीयूचं दुखणं याच जातीचं. साध्या इथरनेटवर पाकिटाचा आकार १५०० बाइटपर्यंत असतो. खाली व्हीएक्सलॅन असेल तर त्याच्या वेष्टनात ५० बाइट जातात आणि आत १४५० उरतात. टेम्प्लेट १५०० धरून बसलं असेल तर पिंग जातो, लॉगिनचा पडदाही येतो, पण मोठी फाइल पाठवायला घेतली की सगळं गोठतं.

आता राहून गेलेल्या ओळखीकडे येतो. सेंटओएस ६च्या काळात ज्यांनी काम केलं आहे, त्यांना ‘ईथ१’ हा प्रकार आठवत असेल. टेम्प्लेटमध्ये एकच कार्ड, नाव ईथ०. क्लोन काढला, त्यातही एकच कार्ड, पण मशीन म्हणतं हे ईथ१. ईथ० गायब, आणि सगळी सेटिंग ईथ०च्या नावाने लिहिलेली, त्यामुळे नेटवर्क बंद. खरा प्रकार असा होता की यूडेव्ह नावाची व्यवस्था प्रत्येक नव्या कार्डाचा मॅक पत्ता एका नियमांच्या फाइलमध्ये नोंदवून त्याला नाव बांधून द्यायची. टेम्प्लेटच्या कार्डाची नोंद त्या फाइलसकट क्लोनमध्ये आली. क्लोनचं कार्ड नव्या मॅक पत्त्याचं, म्हणून त्याला पुढचं मोकळं नाव मिळालं. ईथ०च्या सेटिंगच्या फाइलमध्येही जुना मॅक लिहिलेला असायचा, तो वेगळा पुसावा लागे. जानेवारी २०१३मध्ये सिस्टमडीच्या १९७व्या आवृत्तीने कार्डाच्या जागेवरून नाव ठरवण्याची पद्धत आणली आणि ईएनएस१९२, ईएनएस१८ अशी नावं दिसू लागली. नावं उच्चारायला अवघड, पण क्लोनच्या दृष्टीने उपकारक: जागा तीच तर नाव तेच. मात्र व्हीएमवेअरवर बनवलेलं टेम्प्लेट प्रॉक्समॉक्सवर नेलं की जागा बदलते, नाव बदलतं, आणि नावाला बांधलेली सेटिंग पुन्हा लोंबकळत राहते.

सेंटओएस ६ची मुदत नोव्हेंबर २०२०मध्ये संपली. त्याच्या जागी आलेली अडचण अधिक अवघड आहे, कारण ती वरवर पाहता अशक्य वाटते. उबुंटू १८.०४चं टेम्प्लेट, त्यावरून काढलेले दोन क्लोन, दोघांचे मॅक पत्ते वेगळे, दोघांनाही पत्ता डीएचसीपीकडून. तरीही दोघांना एकच आयपी! डीएचसीपी सर्व्हरचे लॉग उघडले तर त्याच्याकडे दोन ग्राहक नाहीतच. त्याच्या लेखी एकच मशीन परतपरत येऊन आपला पत्ता मागतंय. आपण लहानपणापासून शिकलेलो असतो की डीएचसीपी मॅक पाहून पत्ता देतो. १९९७चं आरएफसी २१३१ वाचलं तर त्यात स्पष्ट आहे की ग्राहकाने स्वतःचा ओळखक्रमांक पाठवला तर सर्व्हरने तो धरायचा. नसेल तरच मॅक पाहायचा. उबुंटूमधला सिस्टमडी-नेटवर्कडी हा ओळखक्रमांक मशीन-आयडीवरून तयार करतो. मशीन-आयडी म्हणजे ईटीसी फोल्डरमधल्या छोट्याशा फाइलमधली ३२ अक्षरांची ओळ, पहिल्या बूटच्या वेळी बनलेली. टेम्प्लेट करण्यापूर्वी मशीन एकदा जरी बूट झालं असेल तरी ती ओळ डिस्कवर येते आणि तिथून प्रत्येक क्लोनमध्ये.

यावरचा उपाय सोपा: टेम्प्लेट बंद करण्यापूर्वी ती फाइल रिकामी करायची. क्लोन बूट झाला की सिस्टमडी नवी ओळ बनवतो. पण इथेही एक मेख आहे. डी-बस या जुन्या व्यवस्थेची मशीन-आयडीची स्वतःची प्रत व्हार फोल्डरखाली असू शकते. काही सिस्टीमवर ती पहिल्या फाइलकडे बोट दाखवणारी नुसती लिंक असते, काहींवर खरीखुरी वेगळी फाइल. वेगळी असेल आणि तशीच राहिली, तर रिकामी फाइल पाहून सिस्टमडी नवी ओळ बनवण्याऐवजी डी-बसचीच जुनी ओळ उचलतो. पुसलेली ओळख मागच्या दाराने परत आत येते. म्हणून दोन्ही जागा पाहायच्या. एवढ्यासाठी मी एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे आणि ते अनाठायी वाटत नाही.

एसएसएचच्या होस्ट किल्ल्यांची गोष्ट नेटवर्क सेटिंगमध्ये मोडत नाही, असं कुणी म्हणेल. माझ्या मते मोडते, कारण नेटवर्कवर मशीनची ओळख पटवण्याचं काम त्याच करतात. टेम्प्लेटमधल्या किल्ल्या तशाच राहिल्या तर त्यावरून निघालेल्या शंभर मशीनची खासगी किल्ली एकच असते. त्यातल्या एखाद्या टेस्टिंगच्या मशीनवर ज्याला रूट मिळालं, त्याला उरलेल्या नव्व्याण्णवांपैकी कोणाचंही सोंग घेता येतं. आयपी दोनदा दिला गेला तर कुणीतरी ओरडतं आणि दुरुस्ती होते. किल्ल्यांची पुनरावृत्ती वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तिच्यामुळे काहीच बंद पडत नाही.

विंडोजच्या बाजूला मशीन-आयडीच्या जागी एसआयडी आहे. नोव्हेंबर २००९मध्ये मार्क रुसिनोविच यांनी लिहिलं की मशीनच्या एसआयडीची पुनरावृत्ती प्रत्यक्षात निरुपद्रवी आहे, आणि एसआयडी बदलून देणारं आपलं न्यूएसआयडी हे साधन त्यांनी निवृत्त केलं. मायक्रोसॉफ्टची अधिकृत भूमिका मात्र कायम राहिली: क्लोन करायचं तर आधी सिस्प्रेप हे ओळख पुसणारं साधन चालवा. अनेकांनी पहिलं वाक्य लक्षात ठेवलं आणि दुसरं सोडून दिलं. ऑगस्ट २०२५च्या अखेरीपासूनच्या अपडेटनंतर विंडोज ११च्या नव्या आवृत्त्या आणि सर्व्हर २०२५ एसआयडीची जास्त कडक तपासणी करू लागले, आणि सिस्प्रेपशिवाय क्लोन केलेल्या मशीनमध्ये एकमेकांकडे लॉगिन अडू लागलं. सोळा वर्षं चालून गेलेली गोष्ट एका अपडेटने थांबली. ‘अजून तर काही झालं नाही’ हा युक्तिवाद टेम्प्लेटच्या बाबतीत का धरू नये, याचा याहून स्वच्छ दाखला मला माहीत नाही.

विंडोजचं आणखी एक खास दुखणं म्हणजे लपलेली कार्डं. टेम्प्लेटमधल्या जुन्या कार्डाला दिलेला स्थिर पत्ता रजिस्ट्रीत राहतो. क्लोनमध्ये नवं कार्ड येतं, जुनं डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसतही नाही, आणि तोच पत्ता नव्याला द्यायला गेलं की विंडोज सांगतं, हा पत्ता दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे. लपलेली उपकरणं दाखवण्याचा पर्याय चालू करून ते जुनं कार्ड काढून टाकलं की तक्रार मिटते.

पुसण्याची साधनं प्रत्येक घराण्याची वेगळी. विंडोजला सिस्प्रेप, लिनक्सला हाताने लिहिलेली स्क्रिप्ट किंवा लिबगेस्टएफएसमधलं व्हर्ट-सिस्प्रेप. देण्याच्या साधनांमध्ये दोन विचार दिसतात. व्हीएमवेअरचं कस्टमायझेशन स्पेसिफिकेशन बाहेरून आत हात घालतं: व्हीसेंटरमध्ये आपण नाव, पत्ता, गेटवे भरतो, आणि मशीनमधल्या व्हीएमवेअर टूल्समार्फत ते आत लिहिलं जातं. टूल्स नसतील तर काहीच होत नाही, आणि लिनक्सवर जुन्या पद्धतीला आत पर्लही लागतं. एखाद्याने ‘मिनिमल इन्स्टॉल’ करून पर्ल बसवलंच नसेल तर कस्टमायझेशन मध्येच थांबतं. अशा वेळी मशीनच्या आतल्या व्हीएमवेअर-आयएमसी फोल्डरमधला लॉग आधी उघडावा. कारण बहुधा तिथे सरळ लिहिलेलं असतं.

दुसरा विचार क्लाउड-इनिटचा, जो उबुंटूच्या मागे असलेल्या कॅनॉनिकलने ईसी२साठी सुरू केला. इथे मशीन स्वतः विचारतं. ईसी२वर बूट होताना ते १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर जाऊन ‘मी कोण, माझं नाव काय, माझ्या किल्ल्या कोणत्या’ याची उत्तरं मिळवतं. कोणत्याही ॲमेझॉन रीजनमध्ये, २०१६मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या रीजनमध्येसुद्धा, तोच पत्ता. ज्यांच्याकडे क्लाउड नाही त्यांच्यासाठी ‘नोक्लाउड’ आहे: सीआयडेटा असं लेबल असलेली छोटी आयएसओ मशीनला जोडायची, उत्तरं तिच्यात ठेवायची. प्रॉक्समॉक्समध्ये क्लाउड-इनिट ड्राइव्ह नावाने दिसतं ते हेच. मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण टेम्प्लेटमध्ये पत्त्याचा मागमूस ठेवावा लागत नाही. टेम्प्लेटला फक्त प्रश्न माहीत असतात.

पण क्लाउड-इनिटचा स्वभाव ओळखल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. आपल्याला दिलेला इन्स्टन्स-आयडी तो लक्षात ठेवतो. बूटच्या वेळी आयडी तोच दिसला तर ‘हे जुनंच मशीन आहे’ असं समजून पहिल्या वेळची कामं तो पुन्हा करत नाही. आयडी बदलला तर नव्याने सगळं करतो. प्रॉक्समॉक्स हा आयडी तुम्ही भरलेल्या सेटिंगवरूनच काढतो. म्हणजे वर्षभर चाललेल्या मशीनचा नुसता डीएनएस बदलून रिस्टार्ट केलं, तरी क्लाउड-इनिटच्या लेखी ते नवजात मशीन ठरू शकतं आणि एसएसएचच्या होस्ट किल्ल्या नव्याने बनतात. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या लॅपटॉपवर ‘होस्टची ओळख बदलली आहे’ हा इशारा येतो, कुणीतरी घुसलंय म्हणून धावपळ होते, आणि कारण असतं एक डीएनएस. दुसरी नेहमीची तक्रार नेटप्लॅनच्या फाइलची. क्लाउड-इनिटने लिहिलेल्या फाइलच्या माथ्यावर स्पष्ट सूचना असते की इथे केलेले बदल टिकणार नाहीत. ती न वाचता लोक त्याच फाइलमध्ये पत्ता बदलतात. बदलायचंच असेल तर आधी क्लाउड-इनिटला नेटवर्कमधून हात काढायला सांगावं, मग आपली फाइल लिहावी, आणि ‘नेटप्लॅन ट्राय’ने लावून पाहावी, १२० सेकंदांत होकार दिला नाही तर जुनी सेटिंग परत येते. दुरून काम करणाऱ्यासाठी हे फार मोठं संरक्षण आहे. एकाच मशीनवर व्हीएमवेअरचं कस्टमायझेशन आणि क्लाउड-इनिट दोन्ही नेटवर्क लिहू लागले तर कोण जिंकेल सांगता येत नाही. दोघांपैकी एकालाच मालक करावं. कोणाला, हे टेम्प्लेट बनवतानाच ठरवावं.

साधनं कितीही चांगली असोत, त्यांना भरवायचा पत्ता कुठून येतो, हा प्रश्न उरतोच. बहुतेक ठिकाणी तो एका एक्सेल शीटमधून येतो. शीट कुणाच्या तरी मेलमध्ये असतं, त्याच्या दोन-तीन आवृत्त्या फिरत असतात, आणि नेमकं ज्या दिवशी घाई असते त्या दिवशी ‘पिंग मारून बघितलं, कुणी उत्तर देत नाही, म्हणजे मोकळा आहे’ असं म्हणून पत्ता दिला जातो. पिंगला उत्तर न येणं हा पत्ता मोकळा असल्याचा पुरावा नव्हे. विंडोजची फायरवॉल बऱ्याचदा पिंग अडवते. मशीन त्या वेळी बंद असू शकतं. डीएचसीपीने तो पत्ता कुणाच्या तरी लॅपटॉपसाठी राखलेला असू शकतो. एकाच वायरवर असाल तर एआरपीची विचारणा जास्त खात्रीची, कारण तिला सहसा फायरवॉल अडवत नाही. स्टुअर्ट चेशायर यांनी लिहिलेल्या २००८च्या आरएफसी ५२२७मध्ये पत्ता वापरण्यापूर्वी अशी विचारणा कशी करावी ते सविस्तर आहे. विंडोज ती करतं आणि तंटा दिसला तर सांगतं. लिनक्सचं कर्नल आयपीव्ही४च्या स्थिर पत्त्यासाठी आपण होऊन करत नाही. त्यामुळे दोन लिनक्स मशीनना एकच पत्ता गेला तर दोघंही तोंडातून शब्द काढत नाहीत. स्विच आणि शेजाऱ्यांच्या एआरपी टेबलात मात्र त्या एका पत्त्यासमोरचा मॅक सारखा बदलत राहतो. कनेक्शन लागतं, तुटतं, पुन्हा लागतं. ‘नेटवर्क स्लो आहे’ अशा तक्रारी येतात तेव्हा मी आधी हे टेबल पाहायला सांगतो.

म्हणून पत्त्यांची नोंद एकाच जागी हवी आणि मशीन काढणाऱ्या साधनाने पत्ता तिथूनच घ्यायला हवा. नेटबॉक्स किंवा पीएचपीआयपॅम यासाठी मोफत मिळतात आणि छोट्या संस्थेला पुरून उरतात. स्थिर पत्ता की डीएचसीपीमधलं रिझर्व्हेशन, हा वाद जुना आहे. माझा कल रिझर्व्हेशनकडे आहे: पत्ता कायम राहतो, पण तो मशीनच्या पोटात नव्हे तर सर्व्हरवर एका ठिकाणी लिहिलेला असतो, आणि गेटवे बदलायची वेळ आली तर पन्नास मशीनमध्ये शिरावं लागत नाही. डोमेन कंट्रोलर, डीएनएस आणि खुद्द डीएचसीपी सर्व्हर यांना मात्र स्थिरच पत्ता द्यावा. आणि ज्या नोंदीतून मशीन काढताना पत्ता घेतला, तिथेच मशीन मोडताना तो परत करावा. हे दुसरं काम बहुतेक ठिकाणी होत नाही. वर्षभरात मोकळ्या पत्त्यांचा दुष्काळ पडतो आणि पुन्हा पिंग मारून अंदाज बांधणं सुरू होतं.

भारतात याला कायद्याचीही बाजू आहे. सीईआरटी-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांप्रमाणे संस्थांनी आपल्या संगणकांची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या, एनटीपी सर्व्हरशी जुळवायची आहेत आणि लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. एनटीपीचा पत्ता ही टेम्प्लेटमधून येणारी सेटिंग. होस्टनेम ही क्लोनला द्यायची सेटिंग. दुसरी राहून गेली तर लॉग सर्व्हरवर वीस मशीन एकाच नावाने लिहीत राहतात. काही विपरीत घडलं आणि चौकशी आली, तर १८० दिवसांचे लॉग हातात असूनही त्या रात्री नेमकं कोणतं मशीन बोललं, ते सांगता येत नाही.

हे पुस्तक कोणा एका उत्पादनाला बांधलेलं नाही, याला कारण आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतलं आणि त्यानंतर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवली. खर्चाचा हिशेब बदलल्यामुळे अनेक संस्था प्रॉक्समॉक्स, हायपर-व्ही अशा पर्यायांकडे पाहू लागल्या. ज्यांनी फक्त व्हीसेंटरमधल्या चौकटी पाठ केल्या होत्या त्यांना सगळं नव्याने शिकावं लागलं. मशीनची ओळख कुठे कुठे साठते, ती केव्हा पुसायची आणि कुणी द्यायची, हे ज्यांना कळलेलं होतं त्यांना फक्त बटणांच्या जागा शिकाव्या लागल्या. म्हणून प्रत्येक प्रकरणात आधी यंत्रणा आणि मग साधन, असा क्रम ठेवला आहे. आयपीव्ही६चा विचार शेवटच्या प्रकरणात थोडक्यात आहे. कुबरनेटिस आणि कंटेनरचं नेटवर्क मुद्दाम वगळलं आहे, त्याला वेगळं पुस्तक हवं.

वाचताना समोर एक चालतं हायपरव्हायजर असावं. १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्सही चालेल. आणि पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक काम करा. तुम्ही सध्या वापरता त्याच टेम्प्लेटवरून दोन क्लोन काढा, वेगळ्या टेस्ट नेटवर्कवर बूट करा आणि दोन्ही शेजारी ठेवून तपासा: मशीन-आयडी किंवा एसआयडी, एसएसएचच्या होस्ट किल्लीचा ठसा, होस्टनेम, मॅक पत्ता आणि डीएचसीपीने दिलेला आयपी. यातलं काहीही दोन्हीकडे सारखं निघालं, तर त्या टेम्प्लेटवरून तिसरं मशीन काढू नका. ते आधी दुरुस्त करा आणि त्यावरून याआधी कोणती मशीन काढली आहेत, त्यांची यादी आजच करायला घ्या.